आठ मजले खाली

पहिल्या भेटीतच तिला त्याचा राग आला. भेट म्हणायची तरी कशी... ती होती डोंगराच्या माथ्यावर, तो होता खाली दरीतल्या शहरात, आणि मध्ये नुसती हवा. भेटला तो फक्त आवाज.

रविवारची सकाळ होती. वारा असा, की केस सारखे तोंडात जात होते. मासे धरायच्या गळाची लांब काठी तिने दगडांच्या खाचेत रोवली होती, काठीला तार बांधली होती, आणि चपट्या दगडावर मांडी घालून ती डब्याएवढ्या रेडिओत बोलत होती. तिघांशी बोलून झालं होतं. चौथा कोणी मिळत नव्हता.

हा छंद ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो वेडेपणाच वाटतो. रेडिओ आपल्या पाठीवर टाकायचा, डोंगर चढायचा, आणि माथ्यावरून निदान चार वेगवेगळ्या माणसांशी बोलायचं. चार झाले की तो डोंगर वहीत तुमच्या नावावर लागला. तीनच झाले तर तुम्ही नुसती तंगडतोड केलीत. आणि बोलायचं म्हणजे तरी काय? मी अमुक, तू तमुक, आणि मला तुझा आवाज कसा येतोय त्याचे दोन आकडे. पहिला पाचपैकी – बोलणं किती कळतंय. दुसरा नवापैकी – आवाज किती जोरात आहे. हे आकडे दोघांनीही एकमेकांना द्यायचे. एकाने दिले आणि दुसऱ्याचे राहिले, तर बोलणं धरलं जात नाही. पाच-नऊ म्हणजे उत्तम. खरं तर सगळे सगळ्यांना पाच-नऊच देतात. कुणाच्या घरी जेवल्यावर स्वयंपाक छान झाला होता असं म्हणतात ना, तसं.

तर त्या सकाळी चौथा आवाज आला आणि म्हणाला, "तीन-तीन."

"काय?"

"तीन-तीन. अर्धं कळतंय, अर्धं नाही. आवाजही बेताचाच. तुमची तार आडवी बांधली आहे का हो?"

आडवीच होती. पण ते कबूल करायची तिची तयारी नव्हती. "बाकीच्या तिघांनी मला पाच-नऊ दिलेत," ती म्हणाली.

"ते भले लोक आहेत."

"आणि तुम्ही?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेली लिफ्ट छान चालतेय असं लिहून देता येत नाही मला. सवय झालीय... तार उभी करून बघा."

पुटपुटत ती उठली, तार सोडली, काठीला उभी बांधली. पुन्हा बोलली.

"चार-सहा," आवाज म्हणाला. "आता कसं, माणसात आलात."

तिने वहीत त्याचं नाव-नंबर लिहिलं. पण मनात त्याचं नाव पडलं ते चौथा. पुढे ते बदललं नाही, कारण पुढच्या रविवारी, दुसऱ्या डोंगरावर, चौथा आला तो तोच. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही.

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा पाठवतात, त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचा, त्यावर मेणाचे दात घडवायचे, मग चिनी मातीचे पक्के दात करून भट्टीत घालायचे. खिडकीजवळ तिचं टेबल. टेबलावर ओळीने पंधरा-वीस जबडे, सगळे आ वासलेले. माणूस कधी दिसायचा नाही, फक्त त्याचे दात. दातांवरून माणूस ओळखायची तिला खोड लागली होती. हा झोपेत दात खातो. ही सुपारी फोडते. हा कधी मोकळेपणी हसलेला नाही.

"तुमचं हसणं ऐकू येतं," एका रविवारी ती चौथ्याला म्हणाली, "पण दात दिसत नाहीत. मला माणूस कळायला दात लागतात."

"बत्तीस आहेत."

"सगळेच सांगतात."

"बरं, एकतीस. एक पडला. लिफ्टच्या खड्ड्यात वाकलो होतो, वरून पाना आला."

"पुढचा की दाढ?"

"ते भेटल्यावर मोजा की."

असं तो म्हणायचा खरा. भेटायचा विषय निघाला की त्याची गाडी तिथेच अडायची. तिने एकदा सरळ विचारलं, येता का एखाद्या रविवारी डोंगरावर. तो म्हणाला, "रविवारी माझी ड्यूटी असते. घरीच असतो, पण फोन आला की पळावं लागतं. लोक लिफ्टमध्ये अडकतात, आणि नेमके रविवारीच अडकतात. पाहुणे येतात, सहाजणांच्या लिफ्टमध्ये नऊजण शिरतात..." ते खरंच होतं. दोनदा तर बोलता बोलता त्याचा फोन वाजला होता, आणि तो अर्ध्या वाक्यात निघून गेला होता.

शिवाय एकदा तो असंही म्हणाला होता, "आवाज बरा आहे माझा. बाकीचं काही सांगता येत नाही."

घरी तिची आई होती. आईला हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता.

"लोकांच्या पोरी घरात बसून फोनवर बोलतात," आई म्हणायची. "आमच्या बाईसाहेबांना बोलायला डोंगर लागतो."

"व्यायाम होतो गं आई."

"आणि बोलते काय, तर आकडे! तीन-चार, पाच-सात. अगं, एवढ्या वेळात दुसऱ्या कुणी लग्नाची तारीख काढली असती."

ती हसून बुटांच्या नाड्या बांधायची. एकतिसाव्या वर्षी बाईमाणसाला आईचं असलं बोलणं लागत नाही असं नाही, पण मनाला घट्टा पडलेला असतो.

दोन वर्षांत दरीभोवतालचे बावन्न डोंगर झाले. नेहमीचे आवाज तेच. पहिले निवृत्त पोस्टमास्तर, म्हाताऱ्या घोगऱ्या आवाजाचे. ते तिला पोरी म्हणायचे. मग बेकरीवाला, त्याचं बोलणं कायम घाईत. तिसरं कुणीतरी इकडून तिकडून मिळायचं. आणि तीन झाले, ती "अजून कुणी आहे का?" म्हणाली, की क्षणभर नुसती खरखर... मग तो. चौथा. त्याच्यामागे कुणी ताटकळत नसायचं, त्यामुळे त्याच्याशी बोलणं लांबायचं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. एकदा तर बॅटरी संपेपर्यंत. लॅबमध्ये मेण कोरताना त्याचं एखादं वाक्य आठवून ती एकटीच हसायची, आणि समोरचे जबडेही हसताहेत असं तिला वाटायचं.

पाच-नऊ मात्र त्याने तिला कधीच दिले नाहीत. चार-सात दिले, पाच-सात दिले, एकदा लख्ख हवेत पाच-आठ दिले. ती चिडायची, "एक आकडा वाढवला तर काय तुमच्या घरचं जातं?"

"तो आला की देईन."

मग ते पत्र आलं. समुद्राकाठच्या मोठ्या शहरात मोठी लॅब. नवी भट्टी, हाताखाली सहा माणसं, राहायला जागा. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "जा. इथे तरी कोणासाठी बसली आहेस?" उत्तर होतं, पण ते कुठे राहतं, कसं दिसतं, हे तिला माहीत नव्हतं.

त्या रविवारी चौथा आल्यावर तिने त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "तिकडे डोंगर आहेत?"

"पोळपाटासारखं सपाट आहे."

"मग रेडिओचं काय?"

"कपाटात ठेवीन."

"कळवायचं कधी आहे?"

"पुढच्या सोमवारी. म्हणजे पुढचा रविवार शेवटचा." बोलताना दाबायच्या बटणावर तिचा अंगठा घट्ट दाबलेला होता. तिने तो तसाच ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा."

तिने अंगठा काढला. खरखर. पुन्हा खरखर...

"आज तुमचा आवाज चार-सात आहे," तो म्हणाला.

तिने रेडिओ बंद केला. काठी उपटली, तार गुंडाळली – नेहमी व्यवस्थित वेटोळं करायची, त्या दिवशी कशीही कोंबली – आणि डोंगर उतरली. वाटेत ती एकदाच मोठ्याने म्हणाली, "चार-सात!" एका दगडावरचा पक्षी उडून गेला.

शेवटच्या रविवारसाठी तिने त्रेपन्नावा डोंगर ठेवला होता, सगळ्यांत उंच. एवढा एकच राहिला होता. तो झाला की दरीच्या चहूबाजूंचं काहीच उरत नव्हतं. पहाटेच्या गाडीने ती पायथ्याला उतरली आणि चार तास चढली. शेवटचा चढ नुसत्या सुट्या दगडांचा. एक पाऊल वर टाकलं की अर्धं पाऊल खाली घसरायचं. माथ्यावर पोचली तेव्हा लांबच्या रांगेवर काळे ढग जमायला लागले होते. ढग जवळ आले की विजेच्या भीतीने माथ्यावर काठी उभी ठेवायची नाही, याबाबतीत ती पक्की होती. हातात अर्धा तास होता, फार तर पाऊण.

तार उभी बांधली. बोलायला लागली. पोस्टमास्तर आले, पाच-नऊ. बेकरीवाला आला, पाच-नऊ. पलीकडच्या दरीतला कुणी नवशिका आला, पाच-नऊ.

"अजून कुणी आहे का?" ती म्हणाली.

खरखर.

तिने दहादा विचारलं. आवाजात तोरा ठेवून विचारलं, मग तोरा सोडून विचारलं. पंधरा मिनिटं गेली. शेवटी पोस्टमास्तरांचा आवाज आला.

"पोरी, तो आज नाही गं. सकाळपासून हाका मारतोय मी. त्याचा सेट बंद आहे."

"कोण तो?" ती उगाचच म्हणाली.

"आता माझ्यापुढे सोंग नको. चाळीस वर्षं लोकांची पत्रं हाताळलीत. पाकीट बघून कळायचं मला." म्हातारा खोकला. "तुला म्हणून सांगतो. तो काही उशिरा येत नाही. तू पहिली हाक मारतेस तेव्हापासून तो ऐकत बसलेला असतो, माझ्याही आधी. मला एकदा म्हणाला, मास्तर, तुम्ही होऊन जा पुढे, मी मागून येतो. तीन झाल्याशिवाय तोंड उघडत नाही."

"का?"

"चार झाले की तू आवराआवर करतेस ना. तो मध्येच येऊन गेला तर तुझ्याशी बोलणार कधी? आणि ती रविवारची ड्यूटी... ती कुणी त्याच्या गळ्यात मारलेली नाही. मागून घेतलीय त्याने. नाहीतर एक रविवार आड ऑफिसात जाऊन बसावं लागतं; ही फोनवरची ड्यूटी दर रविवारी घेतली की घरी सेटजवळ बसता येतं. दोन वर्षं त्याच्या कंपनीतली माणसं त्याला खुळा समजतात."

बोलायला बटण दाबावं लागतं, आणि तिचा अंगठा जागेवर नव्हता. डोळ्यांत गेलेला केस काढायला हात वर गेला होता, तो तिथेच राहिला.

बावन्न डोंगर. बावन्न वेळा तो गप्प बसून तीन माणसं मोजत होता. आणि आज, नेमका हवा होता त्या दिवशी, सेट बंद. म्हणजे मागच्या रविवारी रेडिओ तिने बंद केला, आणि या रविवारी त्याने. फिटंफाट.

ढग पुढे सरकले होते. आता दहा मिनिटं. तिने शेवटचं म्हणून बटण दाबलं. "अजून कुणी आहे का? एकच माणूस हवाय. कुणीही चालेल..."

"आहे की," आवाज आला.

रेडिओतून नव्हे. पाठीमागून.

तिने वळून पाहिलं. दगडांच्या कडेवर एक माणूस ओणवा उभा होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड लालबुंद, शर्ट भिजून अंगाला चिकटलेला, पायांत डोंगरासाठी नव्हे तर कारखान्यासाठी केलेले जाडे बूट. कमरेला हातात मावेल असा छोटा रेडिओ लटकत होता. त्याने मान वर केली आणि हसला. वरच्या पुढच्या दातांतला एक नव्हता.

पुढचा, दाढ नव्हे.

दोन वर्षं तिने ठरवून ठेवलं होतं, भेटल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं. चांगली तीन-चार वाक्यं होती. त्यांतलं एकही आठवलं नाही. ती ओरडली, "अहो, तुम्ही इथे काय करताय?"

तो गडबडला. "मी... तुम्हाला... ड्यूटी दुसऱ्याला दिली. पहिल्या गाडीने येणार होतो, ती चुकली. दुसरीने आलो. मला म्हणायचं होतं..."

"अहो पण मला चौथा हवाय!"

"मग मीच की तो."

"तुम्ही इथे असून काय उपयोग? माथ्यावरचा माणूस चालत नाही! दोन वर्षं हेच करताय आणि नियम माहीत नाही?"

त्याचं हसणं हळूहळू मावळलं. नियम त्याला माहीत होता. या छंदातल्या प्रत्येकाला असतो. बोलणारा दुसरा माणूस त्याच माथ्यावर असला तर ते बोलणं धरत नाहीत. माथा म्हणजे टोकापासून खाली पंचवीस मीटरपर्यंतचा सगळा भाग. चार तास चढून, फुफ्फुसं तोंडात आणून, तो नेमका जिथे नको तिथे येऊन उभा होता.

"चढताना एवढं एकच डोक्यातून गेलं," तो म्हणाला. मग कडेला गेला, आणि आल्या वाटेकडे पाहिलं. "पंचवीस मीटर म्हणजे... आठ मजले."

"राहू द्या," ती म्हणाली. त्याचे पाय थरथरताना तिला दिसत होते. "खरंच राहू द्या. एक डोंगर नाही झाला तर नाही झाला. बसा तुम्ही. पाणी प्या."

"तुमचा शेवटचा आहे ना?"

"हो, पण..."

"दहा मिनिटं थांबेल का पाऊस?"

"सांगता येत नाही."

"मग बोलण्यात वेळ नको," तो म्हणाला आणि वळला. दोन पावलं गेल्यावर मागे बघून म्हणाला, "आयुष्यभर लोकांना लिफ्ट दिली. माझ्या वेळेला बघा..."

आणि तो दगडांवरून घसरत, बसत, हात टेकत उतरायला लागला. थोड्या वेळाने त्याचं डोकं दिसेनासं झालं. ती रेडिओ हातात धरून उभीच राहिली. मग रेडिओतून धापा टाकणारा आवाज आला, "सातवा मजला." थोड्या वेळाने, "सहावा. इथे जिन्याला कठडा नाही." मग, "पाचवा... चौथा... इथे एक झुडूप आहे, काटे आहेत, कळवायचं म्हणून कळवतो." ती हसत होती. ढगांची कड आता समोरच्या डोंगराला टेकली होती.

"तळमजला," आवाज म्हणाला. "मनगटावरच्या घड्याळात उंची दिसते. तीस मीटर उतरलोय. पाच तुमच्या समाधानासाठी."

मग त्याने घसा खाकरला आणि रीतसर, नेहमीसारखं, आपलं नाव-नंबर सांगितलं, तिचं सांगितलं, आणि म्हणाला, "पाच-नऊ."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पुन्हा सांगा."

"पाच-नऊ. सगळं कळतंय, आणि याहून मोठा आवाज असूच शकत नाही. मी म्हटलं होतं, आला की देईन." थोडी खरखर. "आता जे म्हणायला वर आलो होतो ते इथूनच म्हणतो. समोर उभा राहून मला जमलं नसतं, बरंच झालं. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. कामात तुमचा हात चांगला आहे, तुम्ही गेलं पाहिजे. पण मी या आठवड्यात चौकशी केली. तिकडे डोंगर नाहीत, पण इमारती उंच आहेत. वीस-वीस, तीस-तीस मजले. इमारती उंच असल्या की माझ्यासारख्याला काम मिळतं... तुमची हरकत नसेल तर."

वारा एकदम पडला. सगळा डोंगर कान देऊन ऐकतोय असं वाटलं.

डोंगर नव्हता, पण दुसरे होते. "पोरी," पोस्टमास्तरांचा आवाज आला, "हवेत बोललेलं सगळ्यांना ऐकू येतं, हे तुम्ही दोघं विसरलात वाटतं. माझा चहा गार होतोय."

"अहो, हो की नाही ते बोला लवकर," बेकरीवाला म्हणाला. "भट्टीत पाव आहेत माझे!"

तिने बटणावर अंगठा ठेवला. बोलायच्या आधी जरा थांबली, तो जसा थांबायचा तशी. आज तिने रेडिओत तिघांकडून पाच-नऊ ऐकले होते, आणि सगळ्यांना तसेच परत दिले होते. त्याला अजून काहीच दिलं नव्हतं. ते दिल्याशिवाय डोंगर होत नव्हता.

"तुमचे आकडे राहिलेत," ती म्हणाली. "लिहून घ्या. पाच-नऊ."

"खरे?" खालून आवाज आला. दबकत.

"मी काही भल्या लोकांपैकी नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं तुमच्याशी बोलून बिघडले. खरेच आहेत."

कुणीतरी टाळ्या वाजवल्यासारखं काहीतरी खरखरलं. बहुतेक बेकरीवाला असावा.

तिने वहीत वेळ लिहिली आणि चौथी ओळ भरली. मग काठी उतरवली, तार नीट वेटोळं करून पिशवीत ठेवली, आणि रेडिओ तेवढा हातात घेऊन कडेला आली.

"मी वर येऊ?" तो विचारत होता.

"किती मजले झेपतील?"

"खरं सांगू?"

"तुम्ही दुसरं काय सांगणार."

"चार."

"मग चार तुम्ही चढा," ती म्हणाली, "चार मी उतरते."

पावसाचे पहिले थेंब पडले तेव्हा दोघं काट्यांच्या झुडपापाशी उभे होते. त्याला अजून धाप लागली होती. तिने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सवयीने हनुवटीला दोन बोटं लावून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"हा दात मी करून देईन," ती म्हणाली. "साचा घ्यावा लागेल."

"केव्हा?"

"घाई काय आहे," ती म्हणाली. बोटं मात्र तिने काढली नाहीत.